सोयिंकांच्या नाटकातली सिडी शेवटी म्हाताऱ्याकडेच का जाते? (शेवट बसवताना अडलेय, मदत हवी)

खडूवाली

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय आणि तोही अडल्यामुळे. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवते, यंदा एमएच्या पोरांना वोले सोयिंकांचं 'द लायन अँड द ज्युएल' शिकवतेय आणि नुसतं शिकवण्यापेक्षा त्यातलं अर्ध्या तासाचं काहीतरी मराठीत बसवू असं मीच उत्साहात बोलून बसले, आता निस्तरतेय.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी: नायजेरियातलं योरुबा लोकांचं इलुजिन्ले नावाचं गाव, सकाळ दुपार रात्र असे तीन भाग, एका दिवसात सगळं उरकतं. सिडी म्हणजे गावातली देखणी पोरगी. तिच्या मागे शाळामास्तर लाकुन्ले, वय तेवीसच्या आसपास, अंगाला आखूड झालेला जुना इंग्रजी सूट, तेवीस इंची मोहरीची पॅंट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. मास्तरला सिडी हवीय पण वधूमूल्य द्यायचं नाहीये, कारण ती रानटी प्रथा, बायको म्हणजे काय बाजारातली कालवड आहे का वगैरे. सिडीचं म्हणणं एकच, पैसे मोज आणि आज लग्न कर, नाहीतर गाव म्हणेल हिच्यात खोट होती म्हणून फुकटात गेली. आणि तिसरा बारोका, गावचा प्रमुख, बासष्ट वर्षांचा, बायकांचा गोतावळा असलेला. लेगोसचा एक फोटोवाला सिडीचे फोटो काढून नेतो, ते मासिकात मोठे छापून येतात, बारोकाचा फोटो मात्र कोपऱ्यात एवढासा आणि तोही संडासाशेजारी. मग सिडीचं डोकं हवेत. बारोका आपल्या थोरल्या बायकोला, सादिकुला, रडवेला होऊन सांगतो की माझं पुरुषपण गेलं, ती ते सिडीला सांगते, सिडी मजा बघायला त्याच्या घरी जाते आणि तिथे फसते. परत येते ती रडत. मास्तर आधी हादरतो आणि लगेच म्हणतो की आता लग्न करू, आता तर वधूमूल्याचा प्रश्नच मिटला. आणि सिडी नटूनथटून निघते ती बारोकाशी लग्न करायला.

तर प्रॉब्लेम असा की वर्गात दोन तट पडलेत. मुलं लाकुन्लेला हसून हसून लोळली. मुली गप्प, मग एक म्हणाली मॅडम हे नाटक जुन्याच्या बाजूने आहे आणि हसत हसत आहे म्हणून जास्त वाईट आहे. मला उत्तर देता आलं नाही. शिवाय सिडीचं काम करणारी मुलगी विचारतेय की शेवटी मी खूश होऊन जाऊ की रडून, आणि मी दोन आठवडे 'बघू' म्हणतेय.

पडद्यामागचा

खडूवाली, विषय भारी आहे पण 'जुन्याच्या बाजूने की नव्याच्या' हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा, त्यात अडकलात तर नाटक मेलं.

मी पंचवीस वर्षं लाइट्स केलेत, विद्वान नाही, पण हे नाटक एकदा हौशी ग्रुपने केलं होतं तेव्हा तालमीला होतो. पहिलाच प्रवेश घ्या. बाजाराच्या कडेला मोकळी जागा, मोठं झाड, बाजूला शाळेची भिंत आणि आतून पोरं पाढे म्हणतायत. सिडी डोक्यावर पाण्याची बादली घेऊन येते. मास्तर वर्ग सोडून धावत बाहेर येतो आणि बादली हिसकावून घेतो, का तर डोक्यावर ओझं वाहिलं की मान आखूड होते, मणका बिघडतो. या ओढाताणीत पाणी सांडतं त्याच्याच अंगावर. बास, पूर्ण नाटक या दोन मिनिटांत आहे. बोलणं सगळं तिच्या भल्याचं पण तिला विचारलंय का कोणी? पुढे हाच माणूस तिला सांगतो की बायकांचा मेंदू पुरुषांपेक्षा लहान असतो, पुस्तकात लिहिलंय. म्हणजे मास्तरची आधुनिकता ही असली, उंच टाचांचे बूट, लिपस्टिक, काटा-चमचा, फुटणाऱ्या बशा. त्याने मुका घेतला तर ती तोंड पुसते.

दुसरीकडे बारोका काय गंजलेला म्हातारा नाही. गावातून रेल्वे जाणार होती तेव्हा मोजणीवाल्या गोऱ्या साहेबाला पैसे, कोलाच्या बिया (तिकडे चघळतात त्या), कोंबड्या देऊन रूळ दुसरीकडे वळवायला लावले त्याने. आणि सिडीला जाळ्यात ओढताना वापरतो काय तर पोस्टाचे स्टॅम्प छापायचं यंत्र! तुझा चेहरा तिकिटावर छापू म्हणतो. म्हणजे यंत्राशी वैर नाही त्याचं, यंत्र आपल्या अंगणात असेल तर चालतं. आपल्याकडे असे पुढारी बघितले नाहीत असं कोणी म्हणू नये.

आता आपल्या लोकांना हे नाटक का टोचतं सांगतो. आपण 'शारदा' वर वाढलोय. देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलं, त्यात पाऊणशे वर्षांचा भुजंगनाथ आणि त्याच्याकडून पैसे घेऊन पोरीला देऊ बघणारा बाप कांचनभट, आणि लग्न मोडायला उभा राहणारा कोदंड. तिथे सुधारक जिंकतो, थेरडा तोंडावर पडतो. साठ वर्षांनी सोयिंका तीच माणसं घेऊन येतात, म्हातारा, पोरगी, सुधारक, पैशांचा व्यवहार, आणि निकाल उलटा देतात. त्यामुळे आपल्या प्रेक्षकाला वाटतं काहीतरी चुकलं. शारदेला म्हातारा नकोच होता आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं, इथे सिडी पहिल्या पानापासून आपली अट बोलून दाखवतेय आणि शिकलेल्याला ती ऐकूच येत नाही.

अवांतर: सारडा कायदा १९२९ चा, तो हरबिलास सारडांच्या नावाचा. शारदा नाटकावरून पडला असं सांगणारे दोन जण तरी भेटतात दर वर्षी.

तिखटमीठ

पडद्यामागचे, सगळं पटलं पण तुम्ही एक गोष्ट फार अलगद उडी मारून ओलांडलीत. बारोकाच्या घरात जे होतं ते काय आहे? खोटं बोलून बोलावलं, गोड बोलून, यंत्र दाखवून... ती रडत परत येते. आजच्या भाषेत त्याला जे म्हणतात ते मी लिहीत नाही, पण खडूवालींच्या वर्गातल्या मुली गप्प का झाल्या ते मला कळतं. मी एमएला असताना आमचे सर 'बारोकाची चतुराई' असं म्हणून पुढे गेले होते, मागच्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली. तेव्हा मला वाटलं तिला बरं वाटत नसेल. आज वाटतं तिला सगळ्यात जास्त कळलं होतं.

आणि तिच्यापुढे पर्याय होते का खरंच? एक माणूस म्हणतो तू आता स्वस्त झालीस म्हणून करतो लग्न, दुसरा म्हणतो माझी शेवटची बायको हो. सादिकु तिला जे आमिष दाखवते ते पण बघा, बारोका मेल्यावर त्याची शेवटची बायको नव्या प्रमुखाची थोरली बायको होणार. म्हणजे बढती पण मेल्यावरच. ही निवड नाही हो, दोन खड्ड्यांतला कमी खोल खड्डा.

पडद्यामागचा

@तिखटमीठ मान्य. उडी मारली खरी.

लेगोसचा_पाव्हणा

मी नऊ वर्षं लेगोसला होतो, प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायचो, परत येऊन आता नाशकात. नाटक वाचलं नव्हतं, या धाग्यामुळे काल रात्री वाचलं, दीड वाजला. सिडीच्या अटीबद्दल थोडं लिहितो कारण इथे बऱ्याच जणांना वधूमूल्य म्हणजे मुलीची किंमत असंच वाटतंय, मलाही वाटायचं.

माझ्या हाताखाली एक योरुबा सुपरवायझर होता, त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. चर्चच्या आधी घरचा सोहळा असतो, तोच खरा. मुलाकडचे लोक यादीप्रमाणे सामान घेऊन येतात, याम मोजून ४२ (आपल्या कोनफळाचा आडदांड चुलतभाऊ समजा, एकेक मांडीएवढा), मध, मीठ, कोलाच्या बिया, पाम तेल, अजून बरंच. दोन्हीकडून एकेक बोलकी बाई असते, मुलीकडच्या बाईचं कामच मुलाकडच्यांना दारात अडवायचं, गाणी म्हणत चिडवायचं आणि पदोपदी पैसे काढायला लावायचे, आपल्याकडच्या बूट लपवणाऱ्या करवल्यांच्या शंभर पट. मग नवरा मुलगा आणि त्याचे सगळे मित्र, चांगले इंजिनियर बँकवाले, भारीतले कपडे घालून जमिनीवर पालथे, सपशेल लोटांगण मुलीच्या आईवडिलांपुढे. एकदा नाही, उठवून परत घालायला लावतात. मी लोटांगण घातलं नाही पण वाकलो, त्यावर पण हशा पिकला.

आणि मग पैशाचं पाकीट. मुलीच्या वडिलांनी ते घेतलं, वर धरून सगळ्यांना दाखवलं, आणि परत मुलाच्या वडिलांच्या हातात दिलं. आम्ही पोरगी विकत नाही, तिला नीट सांभाळा म्हणाले. हे तिथे खूप घरांत करतात आता. सगळ्यांनाच माहीत असतं की परत मिळणार आहे. पण पाकीट आणलंच नसतं तर? सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला आणलं नसतं तर बोलणीच झाली नसती, कारण मग तो नवरा नाही, नुसता घेऊन जाणारा.

म्हणून मला सिडी बरोबर वाटते. ती किंमत मागत नाहीये, ती म्हणतेय चारचौघांत ये, तुझ्या माणसांसकट ये, वाक. लाकुन्लेला वाकायचं नाहीये. भाषण मोठं आणि खिसा शिवलेला, असले लोक आमच्या कारखान्यात पण होते, दोन्ही देशांचे.

आणि नायजेरियात सगळीकडे असं परतीचं पाकीट नाही हां. पूर्वेकडे इग्बो लोकांत रकमा इतक्या वाढल्या होत्या की १९५६ साली तिथल्या सरकारने कायदा करून ३० पौंडांची मर्यादा घातली. हे नाटक आलं १९५९ ला इबादानमध्ये. म्हणजे त्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाचं यावर काहीतरी मत असणार, लाकुन्लेची वाक्यं प्रेक्षकांना ओळखीची असणार.

तिखटमीठ

पाव्हणे, लोटांगणाचं वाचून मजा आली. पण परत दिलेलं पाकीट सुद्धा बापाकडून बापाकडेच गेलं ना :) मुलगी कुठे होती तेव्हा?

लेगोसचा_पाव्हणा

@तिखटमीठ मुलगी शेवटी आली, ओढणीखाली झाकलेली, मैत्रिणी नाचत घेऊन आल्या. सगळ्या सामानातून एक वस्तू उचल म्हणतात, ती बायबल उचलते, त्याला अंगठी बांधलेली असते. आता 'दुसरं काही उचललं तर?' असं विचाराल. मी पण विचारलं होतं, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सातपुड्याचे_गुरुजी

वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं, कारण लाकुन्लेवर एवढं हसताय आणि मी लाकुन्लेच आहे. सूट नव्हता एवढंच.

१९९८ ला जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालो, अक्राणी तालुक्यात, पावरा आदिवासींची वस्ती. मी देशावरचा. तिथे लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला पैसे देतात, देज म्हणतात त्याला. पंच बसतात, घासाघीस होते, ठरतं. पोरगा पोरगी पळून गेले तरी नंतर पंच बसतातच आणि देज ठरतंच. मी नवीन, डोक्यात फुले-आंबेडकर-साने गुरुजी सगळे एकदम, मला ते बघवेना. पोरीचा भाव करतात म्हणजे काय! पालक सभेत मी अर्धा तास बोललो. मुलगी म्हणजे शेळी नाही, असं वाक्यसुद्धा म्हटलं होतं, कालवड नाही एवढाच फरक.

सभा झाल्यावर चौथीतल्या एका पोरीची आई थांबली. हातात कोयता, शेतावरून तशीच आलेली. पावरीत बोलली, मला अर्धं कळलं, शाळेतल्या मोठ्या पोराने बाकीचं सांगितलं. ती विचारत होती, गुरुजी तुमच्या बहिणीचं लग्न झालं का. म्हटलं झालं. मग कोणी कोणाला पैसे दिले?

माझ्या वडिलांनी दोन एकर गहाण टाकून हुंडा दिला होता. माझी नोकरी लागली त्याच्या आधीच्या वर्षी. मी काही बोललो नाही. ती बाई हसलीसुद्धा नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की जिथे पोरगी नेणाऱ्यालाच वर पैसे द्यावे लागतात तिथले लोक आम्हाला शिकवायला कसे येतात.

म्हणून देज चांगलं असं मी म्हणत नाही. तिथे सत्तावीस वर्षं काढली. देजाचं कर्ज फेडायला गुजरातेत ऊसतोडीला गेलेली जोडपी बघितलीत, नवरा भांडणात 'तुझे पैसे मोजलेत' म्हणतो तेही ऐकलंय. नांदली नाही तर पैसे परत करायचे म्हणून बाप पोरीला परत धाडतो तेही. पण घरात पोरगी झाली म्हणून तोंड पाडलेलं तिथे मी बघितलं नाही आणि माझ्या गावी मात्र बघितलंय.

तर खडूवाली ताई, तुमच्या लाकुन्लेच्या पोराला सांगा की हास्यास्पद करू नकोस. तो मनापासून बोलतोय. मी मनापासूनच बोलत होतो.

पडद्यामागचा

गुरुजी __/\__

काल लिहिलं त्यात थोडं बदलतो. आमच्या त्या हौशी प्रयोगात लाकुन्ले निव्वळ विदूषक केला होता, टाळ्या भरपूर पण शेवट पडला, का पडला ते आज कळलं. सोयिंकांचे वडील स्वतः मुख्याध्यापक होते, अबेओकुटामध्ये मिशनच्या शाळेत. शाळामास्तरांच्या घरात वाढलेला माणूस मास्तरची टर उडवतोय तर त्यात माया असणारच. आणि त्याच गावात बाजारातल्या बायकांनी करांविरुद्ध एवढं मोठं आंदोलन केलं की १९४९ च्या सुरुवातीला तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. पुढारी फुनमिलायो रॅन्सम-कुटी, सोयिंकांच्या नात्यातल्याच. म्हणजे लहानपणी ज्याने बायकांना राजाच्या वाड्याला वेढा घालताना बघितलंय त्याला बायकांचं ऐकलं नाही की काय होतं हे कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरी सिडीला त्याने बारोकाकडे पाठवलं, ते काही मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

नुसता_वाचक

+१ गुरुजी. बाकी धागा जपून ठेवतोय.

तिखटमीठ

गुरुजींच्या प्रतिसादानंतर मी दोन तास काही लिहिलं नाही. माझ्या लग्नात 'आम्हाला काही नको' म्हणून पंगतीचा सगळा खर्च आमच्याकडून झाला होता, आणि आम्ही सगळे स्वतःला पुढारलेले समजत होतो. असो.

खडूवाली, शेवटाबद्दल माझं मत: हसवू नका, रडवू नका. ती जाण्यापूर्वी ते फोटोंचं मासिक लाकुन्लेला देऊन टाकते ना, ते नीट दाखवा. सकाळपासून जे छातीशी धरून फिरत होती ते. इथे थांबू दे तिला. आणि एक हट्ट आहे माझा, शेवटच्या वरातीच्या नाचात सादिकु दिसली पाहिजे. रात्रीच्या भागाच्या सुरुवातीला 'जिंकलो आपण बायका' म्हणून नाचली होती ती, नवऱ्याचं खोटं खरं मानून. शेवटी तिला काय वाटत असेल ते कोणी विचारतच नाही.

खडूवाली

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चार दिवस तालमीत होते म्हणून उशीर.

गुरुजींचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला (नाव गाव न सांगता). लाकुन्ले करणारा पोरगा एकदम सरळ झाला, आता तो वाक्यं हळू बोलतो आणि गंमत म्हणजे जास्त हशा येतोय. पाव्हण्यांचं लोटांगण आम्ही घेतलंय, मूळ नाटकात नाही पण बारोका सिडीसमोर खोटा खोटा थकून बसतो तिथे चाललं. पडद्यामागचे, पाढे मराठीत घेतले, पंचे सात पस्तीस, भिंतीमागून.

शेवटाचं असं झालं. सिडी करणारी मुलगी माण तालुक्यातली आहे, लहानपणी टँकरचं पाणी डोक्यावर आणलेली. पहिल्या प्रवेशात बादलीऐवजी हंडा घेतला, तिने ओढणीची चुंबळ केली आणि हात न लावता भरलेला हंडा घेऊन चालत आली, सगळा वर्ग बघत बसला. लाकुन्लेने हिसकावला तर त्याच्याने तो खरंच पेलला नाही, निम्मं पाणी बुटात. काल शेवटचा प्रवेश करताना मी म्हटलं तुला जे वाटेल ते कर. तिने मासिक त्याच्या हातात दिलं, मग खाली पडलेली चुंबळ उचलली, झटकली, घडी केली आणि कमरेला खोचून निघाली. चेहऱ्यावर काहीच नाही.

मी विचारलं अगं हे काय केलंस, तर म्हणे मॅडम, तिकडे पण पाणी हिलाच भरायचंय ना.

प्रयोग येत्या शनिवारी आहे. हॉलमधला एक माइक बंद आहे आणि सादिकुला सर्दी झालीय.